गवताची गाठ

कोंडूला मी अरे-तुरे करायचो. तो मला अहो-जाहो करायचा. तो चाळिशीचा होता आणि मी तेवीस वर्षांचा. तेव्हा ते खटकलं नाही.

१९३४ साली मी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो. नोकरी मिळेना. पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मुंबईच्या रावबहादूर त्रिलोकेकरांच्या नावे चिठ्ठी दिली. दिवाळी झाल्यावर मी सोमाटण्याला त्यांच्या तळावर हजर झालो. रावबहादूर निवृत्त इंजिनिअर. मावळातल्या डोंगरांवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांवर ते पुस्तक लिहीत होते. त्यासाठी दर हिवाळ्यात दोन महिने बैलगाड्या घेऊन हिंडायचे. सोमाटण्याहून निघून भाज्याला तळ, मग लोणावळ्यापाशी वलवणला. बरोबर तीन गाड्या, दोन तंबू, एक राहुटी. घडीच्या खाटा, घडीच्या खुर्च्या, कापडी टब, कंदील, नकाशांची पेटी आणि विलायती पितळी स्टोव्ह. ते सांगतील ते लिहून घ्यायचं, हे माझं काम.

पहिल्या दिवशी एक काळा, बारीक अंगाचा माणूस तंबूच्या मेखा मोजताना दिसला.

"तू इथे काय करतोस?" मी विचारलं.

"वस्तू जाऊ देत न्हाई."

"कुठे?"

"कुटंच."

तो कोंडू. भाज्याच्या वर डोंगरात त्याची वाडी होती, पंधरा झोपड्यांची. लहानपणी गुरं राखली. वलवणचं धरण बांधत होते तेव्हा दोन वर्षं दगड वाहिले. अकरा वर्षांपूर्वी रावबहादूर पहिल्यांदा या भागात आले, तेव्हा प्रत्येक मुक्कामाला त्यांचं काहीतरी जायचं. एकदा दोर, एकदा कंदील. एकदा तर तंबू उभा असताना त्याच्या मेखा गेल्या आणि तंबू रावबहादुरांच्या अंगावर बसला. तेव्हा कोणीतरी कोंडूचं नाव सुचवलं. त्यानंतर सुईदेखील गेली नव्हती.

त्याची कामाची पद्धत मी बघत राहायचो. गाडी भरताना तो प्रत्येक वस्तू हातात घ्यायचा आणि तिचं नाव तोंडाने म्हणायचा. उतरवताना त्याच क्रमाने पुन्हा म्हणायचा. लिहिता येत नव्हतं, पण क्रम कधी चुकला नाही. हलक्या वस्तू जड वस्तूंच्या पोटात. पातेल्यात कंदील, टबात खुर्च्या. गाडीच्या मागच्या दोराला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा. तळ पडला की तंबूभोवती चुलीतली राख पसरायची आणि उजाडल्यावर तिच्यावरची पावलं वाचायची. "ह्ये कुत्रं. ह्ये खानसामा. ह्ये तुमी, भाऊसाहेब, आनि तुमची उजवी वहाण झिजलीया."

सोपान हा भाज्याचा गाडीवान. कोंडूची टर उडवल्याशिवाय त्याला बैल जुंपता येत नसे.

"भाऊसाहेब, याला आवरा. काल माजी सावली मोजली यानं. कमी भरली म्हनून मला जाऊ देईना."

"तुजी सावली कोन न्हेतंय?" कोंडू मान वर न करता म्हणायचा. "फुकट दिली तरी बैल बी घेनार न्हाई."

महिन्याभरात आमची दोस्ती झाली. मी त्याला पुस्तकांतल्या गोष्टी सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी एखादा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर पुस्तकात नसायचं.

हजेरीची गोष्ट त्याच्याकडूनच कळली. आजोबांच्या काळात कुठेतरी दरोडा पडला आणि त्यात या वाडीचं नाव आलं. तेव्हापासून वाडीतल्या प्रत्येक पुरुषाने रोज दिवस मावळताना खाली गावात पोलीस पाटलापुढे उभं राहायचं. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. परगावी राहायचं तर दाखला काढायचा. बिगर दाखल्याचा माणूस फरारी. बहिणीचं लग्न वलवणला झालं तेव्हा कोंडू अक्षता टाकून तसाच पळत निघाला होता, न जेवता.

रावबहादुरांनी त्याला यातून सोडवलं. मामलेदारांना लिहून दिलं की या माणसाची हमी मी घेतो. कोंडूला सुटीचा कागद मिळाला. वाडीत तसा कागद फक्त त्याच्याकडे होता. वेळूच्या नळीत घालून तो कागद त्याने कमरेला बांधला होता.

"पयल्या दिशी लय गंमत झाली," त्याने सांगितलं. "दिवस कलला तसं पाय आपसूक चावडीकडं निगालं. चिंगीनं हाताला धरून बसवलं. म्हनली, बसा की वो घरच्यावानी. बसलो. पर करायचं काय, ठावं न्हवतं. येवडी मोटी सांज कदी बघितलीच न्हवती."

चिंगी त्याची बायको. त्याला एक धाकटा भाऊ होता, बारकू. त्याचा वाघासारखा तरणा जीव रोज चावडीवर जाऊन उभा राही. कोंडूची एक इच्छा होती. अजून एक-दोन वर्षं काम चोख झालं की रावबहादुरांना बारकूच्या हमीसाठी विचारायचं. दरम्यान एकही वस्तू जाता कामा नये. त्याची हमी त्या वस्तूंवर टिकून होती, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

एकदा भाज्याच्या तळावरून आम्ही दोघं डोंगरात गेलो. वाटेवर लाकडाची मोळी पडलेली. जवळ कोणी नाही. मोळीवर वाळक्या गवताची एक गाठ, गाठीवर दगड.

"ही खून," कोंडू म्हणाला. "मानूस परत येनार हाय. तवर हात लावायचा न्हाई."

"आणि लावला तर?"

"कोन लावंल?"

मी हट्टच धरला. तेव्हा त्याने उरलेलं सांगितलं. खुणेखालची वस्तू गेलीच, तर गाठ बांधणाऱ्याने आपल्या घरातून भरपाई करायची. मालकाच्या दारात नेऊन ठेवायची. कोणी नेली हे विचारत बसायचं नाही, कारण गाठ त्याची होती. चोर कोण ते वाडी मागाहून बघते. त्याला मग वाडीत जागा नाही.

त्याने मला गाठ मारायला शिकवलं. तीन वेढे आणि एक उलटा पीळ. मला जमली नाही.

रावबहादुरांचं सामानही तो असंच राखायचा. दोन खेपा कराव्या लागल्या तर मागे राहिलेल्या ढिगावर गाठ बांधून निघून जायचा. अकरा वर्षं.

माझ्या हातून जे झालं ते आता सांगतो.

भाज्याचा मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी रावबहादुरांचे एक बॅरिस्टर मित्र मोटारीने चहाला आले. लोणावळ्याला त्यांचा बंगला होता. गप्पा निघाल्या. खुर्च्यांच्या त्या गोलात मला पहिल्यांदाच बसायला सांगितलं होतं. मला काहीतरी सुंदर बोलायचं होतं. मी गवताच्या गाठीची गोष्ट सांगितली. कुलपाविना राखलेलं सामान, शब्दाविना पाळलेला शब्द, असं बरंच बोललो. कोणी चोरी करतच नाही, म्हणालो. भरपाईचा भाग सांगितला नाही. त्याने गोष्टीची गोडी गेली असती.

"वा!" बॅरिस्टर म्हणाले. "ही गाठ मुंबईला नेऊ या. पोलिसांची गरजच उरणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो. माझी गोष्ट रंगली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वलवणला निघालो. मळवली मागे टाकली, नदी ओलांडली आणि मोठा रस्ता लागायच्या जरा अलीकडे सोपानच्या गाडीचा आस मोडला. सामान उतरवून जांभळीखाली रचलं. सोपान आस घेऊन कार्ल्याच्या सुताराकडे गेला. बाकी दोन गाड्या वलवणला रिकाम्या करून परत आणायच्या होत्या.

"मी हितंच थांबतो," कोंडू म्हणाला.

"नकाशांची पेटी पुढच्या गाडीत आहे," रावबहादूर म्हणाले. "तू पेटीबरोबर चल. इथे तुझी ती गाठ आहे ना?"

कोंडूने गाठ बांधली. दगड ठेवला. सगळ्या वस्तू एकदा तोंडाने म्हटल्या. स्टोव्ह शेवटचा होता.

दुपार कलताना आम्ही परत आलो. खुर्च्या होत्या. टब होता. कंदील होते. स्टोव्ह नव्हता. त्याची रिकामी पत्र्याची पेटी तिथेच होती. पेटीवर गवताची गाठ अलगद ठेवलेली होती, अख्खी, वेढे न विसकटता. तिच्यावर दगडसुद्धा परत ठेवला होता.

कोंडू त्या गाठीकडे बघत राहिला. मग खाली बसला.

तेवढ्यात सोपान सुताराकडून आला. "बारकू दिसला व्हता मगाशी," तो सहज म्हणाला. "गवताचा भारा घेऊन ह्याच वाटनं चालला व्हता."

गाडी भरताना त्या दिवशी कोंडू एकाही वस्तूचं नाव म्हणाला नाही.

वलवणला पोचल्यावर त्याने रावबहादुरांना स्टोव्ह गेल्याचं सांगितलं आणि तसाच वाडीला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. डोक्यावर तांब्याचा हंडा. हंड्यात कोयता आणि कांबळं. हातात दावं, दाव्याला शेळी. सगळं त्याने तंबूच्या दारात ओळीने मांडलं आणि बाजूला उभा राहिला.

रावबहादूर बाहेर आले. बिनचहाचे होते.

"हे काय?"

"इस्टूबाबत, साहेब."

रावबहादुरांनी माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ही त्यांची रीत आहे," मी म्हणालो. "वस्तू गेली की गाठ बांधणारा भरून देतो. चोरी त्याने केली असं नव्हे."

"परवा तर तुम्ही म्हणालात, त्यांच्यात चोरी होतच नाही."

"हो, पण..."

"मग ही रीत कशासाठी?"

मी हंड्याकडे बघितलं. चार वर्षं मी बोलण्याचंच शिक्षण घेतलं होतं.

"अकरा वर्षं विश्वास टाकला मी याच्यावर," रावबहादूर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खरंच दुखावले होते. "निर्दोष माणूस घरातला हंडा आणून देईल का हो? कोंडू, कोणी नेला स्टोव्ह?"

"ठावं न्हाई, साहेब."

"तुझ्या वाडीतल्या कोणी?"

कोंडूला खोटं बोलता आलं नाही, आणि त्याच्या मनात जे होतं ते सांगताही आलं नाही. रावबहादुरांना तेवढं पुरलं.

"पोलिसांत देत नाही. तुझ्या बायकोकडे बघून. पण हमी राहणार नाही."

मामलेदारांना पाठवायचं पत्र मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून तर मला ठेवलं होतं. 'सदर इसमाची हमी आम्ही आजपासून काढून घेत आहोत.' कोंडूने वेळूची नळी सोडून टेबलावर ठेवली. रावबहादुरांनी हंडा न्यायला सांगितलं. तो नेईना. शेळीकडे त्याने पाहिलंही नाही. धरणाच्या बाजूने चालत गेला. मी त्याच्यामागे दहा पावलं गेलो आणि थांबलो.

शेळी दोर चावते, अशी खानसाम्याची तक्रार होती. त्या रविवारी पाहुणे आले तेव्हा ती कापली. मीही जेवलो.

पंधरा दिवसांनी लोणावळा स्टेशनावर पार्सल आल्याचं कळलं. मीच सोडवून आणलं. आत भुशात पुरलेला पितळी स्टोव्ह होता आणि बॅरिस्टरांचं पत्र. रावबहादुरांनी ते मला वाचायला सांगितलं. मी मोठ्याने वाचलं.

भाज्याची लेणी बघून परतताना मोटार जांभळीपाशी थांबवली, असं त्यांनी लिहिलं होतं. गाठ सोडायला अर्धं मिनिट लागलं. तुमच्या तरुण लेखनिकांचा काव्यमय भाबडेपणा उतरावा, एवढाच हेतू. दुसऱ्याच दिवशी आणून देणार होतो, पण मुंबईहून तार आली आणि राहून गेलं. गाठ मात्र फेकली नाही, पुढच्या वेळी जादू कामाला यावी म्हणून नीट पेटीवर ठेवली. ता. क. स्टोव्हचा वॉशर बदलून घ्यावा.

रावबहादूर हसले. अगदी मनापासून. "याची ही जुनी खोड. कॉलेजात असताना प्रिन्सिपॉलची छत्री पळवली होती."

मी उभाच होतो.

"साहेब, कोंडूची हमी."

हसणं थांबलं. त्यांनी स्टोव्ह उचलून पाहिला, खाली ठेवला.

"परत द्यायची म्हणजे का काढली होती ते मामलेदारांना सांगावं लागेल. बॅरिस्टरांचं नाव निघेल. एका स्टोव्हपायी." त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन घडी घातली. "पुढच्या वर्षी नव्याने लिहू. तुम्ही आठवण करा."

पुढच्या वर्षी त्यांनी मोटार घेतली. टाक्यांचं पुस्तक मुंबईतच पुरं झालं. मी आठवणीची तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी होती.

पण पार्सल आलं त्याच दिवशी मी हंडा, कोयता आणि कांबळं मागून घेतलं आणि आगगाडीने मळवलीला उतरलो. हंडा डोक्यावर घेऊन डोंगर चढलो. वाटेत लोकांनी बघितलं असेल. आठवत नाही.

कोंडू झोपडीपुढे बसला होता. कुडाच्या काठ्या बांधत होता. मी सगळं सांगितलं. चहा, माझी गोष्ट, बॅरिस्टर, मोटार, पत्र. माझी गोष्ट आधी सांगितली. तो ऐकत होता. शेवटी त्याने नेहमीसारखा एक प्रश्न विचारला.

"गाठ नीट का ठिवली त्यांनी?"

"गंमत म्हणून."

"गंमत," तो म्हणाला.

त्याने हातातली काठी खाली ठेवली.

"भायेरचा मानूस गाठ कापतो, न्हाईतर फेकतो," तो म्हणाला. "नीट सोडून परत ठिवायची, वर दगूड ठिवायचा, ह्ये आमच्यातलाच करंल. म्या म्हनलं, आमच्यातलाच हाय. वाटंवर बारकू व्हता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की झोपडीत बारकूची चाहूल नाही.

"इचारलं त्याला. म्हनला, मी न्हाई. दोनदा म्हनला. म्या म्हनलं, गाठ नीट ठिवलेली व्हती, बारकू. मंग त्यो काय बोलला न्हाई. म्याच सांगितलं, वाडीत ऱ्हाऊ नगंस."

"कुठे गेला?"

"घाटाखाली म्हनं. कोन म्हनतं खंडाळ्याला. दाखला न्हाई काय न्हाई."

मी हंडा पुढे केला. कोंडूने मान हलवली. "दिलेलं परत घ्यायची रीत न्हाई."

चिंगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "तुमची रीत तुमच्यापाशी ठिवा," ती नवऱ्याला म्हणाली. "द्या हिकडं, भाऊसाहेब. पंधरा दिस मडक्यानं पानी आनतीया." हंडा घेतल्यावर तिने त्यातल्या कोयत्या-कांबळ्यावर नजर फिरवली आणि विचारलं, "शेळी?"

मी खाली बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

ऊन कललं होतं. कोंडू उठला, मुंडासं बांधलं. आजूबाजूच्या झोपड्यांतून पुरुष निघाले. मी त्यांच्यामागून उतरलो. मला कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

चावडीपुढे ते ओळीने उभे राहिले. कोंडू शेवटून दुसरा. त्याच्या शेजारी एक जागा मोकळी होती. पोलीस पाटील, म्हातारा माणूस, वही घेऊन बाहेर आला. नावं पुकारू लागला. हजर. हजर. कोंडू. हजर.

"बारकू."

पाटलाने वहीतून मान वर केली.

"बारकू!"

"पाटील," कोंडू म्हणाला, "त्यो चोर न्हवता. माज्यामुळं गेला. ह्ये भाऊसाहेब आल्यात सांगायला."

पाटलाने एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्याशी काही काम नव्हतं.

"चोर हाय का न्हाई, त्ये वहीत न्हाई, कोंडू. हजर हाय का न्हाई, तेवडं सांग."

कोंडूने शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला.

पाटलाने लिहून घेतलं.